स्मार्ट डिमर लुकलुकतो, ऑफलाइन जातो: गावाकडच्या लाईनवर काय काय तपासायचं

दिवाळीत पुण्या-मुंबईहून आलेली पोरं घरी स्मार्ट डिमर, म्हणजे फोनवरूनही लाइट कमी-जास्त करता येणारं बटण, बसवून जातात. आईबाबा रात्री उठले तर डोळ्यांवर एकदम झगझगीत उजेड पडू नये, छपरीतला लाइट अंधार पडताच आपोआप लागावा, कोणी विसरलं तर फोनवरून बंद करता यावा, असा चांगला हेतू असतो. मग गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू होतं, संत्र्याचा आंबिया बहार धरायची वेळ येते, आणि फोन यायला लागतात. "भाऊ, तो नवा लाइट लुकलुक करून राह्यला. काहून करते तो असा?"

मी मोर्शी-वरुड पट्ट्यात घरगुती वायरिंगची कामं करतो. ही एकच तक्रार इतक्या घरांत पाहिली आहे की आता फोनवरच दोन-तीन प्रश्न विचारून अंदाज येतो. बहुतेक जण डिमर काढून दुकानात परत नेतात, नवा आणतात, आणि नवाही तसाच वागतो. बिघाड बहुतेक वेळा डिमरच्या बाहेर असतो: बल्बमध्ये, लाईनमध्ये, इन्व्हर्टरमध्ये, राउटरमध्ये, नाहीतर न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीच्या, एखाद्या सैल स्क्रूमध्ये. म्हणून फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी सांगतो. बोर्ड उघडायचं काम सगळ्यात शेवटी.

आधी लक्षण नीट पाहा

- उजेड कमी केला की बल्ब लुकलुकतो, पूर्ण ठेवला की ठीक जळतो.
- ठरावीक वेळीच लुकलुकतो: संध्याकाळी, किंवा शेताकडे थ्री फेज (मोटरी चालवणारी लाईन) आली की.
- बंद केल्यावरही बल्ब मंद जळत राहतो, किंवा थोड्या थोड्या वेळाने एकदा चमकतो.
- बोर्डातून किंवा बल्बमधून गुणगुण ऐकू येते, विशेषतः इन्व्हर्टरवर.
- भिंतीवरचं बटण चालतं, पण फोनमध्ये ऑफलाइन दाखवतो.
- लाईन जाऊन आली की मध्यरात्री लाइट आपोआप लागतो, किंवा ठरवलेल्या वेळा चुकतात.
- प्लेट हाताला गरम लागते, जळका वास येतो, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतो, किंवा बोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतात.

यातलं शेवटचं लक्षण असेल तर मधलं काही करून पाहू नका. मेन बंद करा आणि थेट खाली "कुठे थांबायचं" हा भाग वाचा.

बाकीच्यांसाठी पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. फोन बाजूला ठेवा आणि भिंतीवरच्या बटणानेच लाइट लावा, कमी-जास्त करा, बंद करा. बटणाने सगळं नीट होत असेल तर वायरिंग, बल्ब आणि डिमर तिन्ही ठीक आहेत आणि अडचण बहुधा वाय-फायची आहे. बटणानेही लुकलुकत असेल तर राउटरला हात लावायची गरज नाही, अडचण विजेची आहे. हे पहिल्यांदा ठरवलं नाही की माणूस दिवसभर ॲप काढतो, पुन्हा टाकतो, आणि दोष निघतो बल्बात.

बल्ब

एलईडी बल्बच्या आत एक छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपल्याकडे लाईन ५० हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला १०० वेळा व्होल्टेज शून्यावर येऊन परत चढतं. डिमर यातल्या प्रत्येक चढ-उताराचा थोडा भाग कापतो आणि उरलेलाच बल्बला देतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार लाल तापलेली असायची, ती मधल्या क्षणात थंड होत नव्हती, म्हणून तिला या कापाकापीचं काही वाटत नसे. साध्या एलईडीचा ड्रायव्हर मात्र कमी झालेली वीज भरून काढायला धडपडतो. डिमर म्हणतो कमी कर, ड्रायव्हर म्हणतो उजेड तेवढाच ठेवतो, आणि या ओढाताणीत बल्ब लुकलुकतो, गुणगुणतो आणि लवकर मरतो.

म्हणून बल्ब उतरवून त्याच्यावरची किंवा पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. "डिमेबल" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तो डिमरवर लावायचा. तालुक्याच्या बाजारात मिळणारे बहुतेक ९ वॉटचे बल्ब साधे असतात, त्यावर "नॉट डिमेबल" लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. बॅटरीवाले, लाईन गेली तरी जळणारे इमर्जन्सी बल्ब डिमरवर कधीच लावू नका. डिमरने व्होल्टेज कापलं की त्यांना वाटतं लाईनच गेली, आणि ते आपल्याच मनाने लागतात.

बल्ब बदलताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. स्मार्ट डिमर बंद दिसत असला तरी आतून लाईन पूर्ण तुटलेली नसते. साध्या स्विचमध्ये दोन पत्र्यांमध्ये खरंच अंतर पडतं, इथे तसं होत नाही, आणि होल्डरच्या पिनांवर झटका बसण्याइतकं व्होल्टेज असू शकतं. स्टुलावर चढण्याआधी एमसीबी खाली पाडा.

डिमेबल बल्ब लावल्यावर बऱ्याच घरांतली तक्रार तिथेच संपते. तरीही अगदी कमी उजेडावर थरथर राहिली तर ॲपमध्ये किमान उजेडाची सेटिंग शोधा. तिथे आकडा बहुधा १ टक्का असतो, तो १० ते २० टक्क्यांपर्यंत वाढवत न्या आणि जिथे थरथर थांबेल तिथे सोडा. काही डिमरमध्ये लाईन कापण्याची पद्धत बदलायची सोयही असते: एक पद्धत चढाची सुरुवात कापते, दुसरी शेवट. एलईडीला बहुधा दुसरी मानवते. ही सेटिंग असेल तर दोन्हीकडे करून पाहा, पैसे लागत नाहीत.

एकटा बल्ब आणि कमी लोड

डिमरच्या पाकिटावर जास्तीत जास्त लोड सगळे वाचतात, कमीत कमी लोड कोणी वाचत नाही. न्यूट्रल न जोडता फक्त दोन वायरींवर चालणारे डिमर स्वतःची वीज बल्बमधूनच ओढतात. त्यांना चालू राहायला ठरावीक करंट वाहता लागतो. एकटा ९ वॉटचा बल्ब अगदी मंद केला तर तो जेमतेम एक-दोन वॉट घेतो. तेवढ्यावर डिमरची पकड सुटते, परत बसते, पुन्हा सुटते, आणि आपल्याला लुकलुक दिसते.

बंद केल्यावर मंद जळणं किंवा मधूनमधून चमकणं हेही बहुधा यातूनच येतं. डिमरचा झिरपणारा करंट बल्बच्या आतल्या कपॅसिटरमध्ये साठत जातो. पुरेसा साठला की बल्ब क्षणभर चमकतो, रिकामा होतो, पुन्हा साठायला लागतो. कित्येक घरांत म्हातारी माणसं याला घाबरतात. त्यांना नीट समजावून सांगा, घाबरण्यासारखं त्यात नाही.

उपाय तीन. त्याच डिमरवर दुसरा डिमेबल बल्ब वाढवा. किंवा डिमर बनवणाऱ्याचाच बायपास कपॅसिटर मिळत असेल तर तो बल्बच्या होल्डरपाशी बसवून घ्या, पण तो वायरमनकडूनच, बाजारातला कुठलाही पंख्याचा कपॅसिटर जोडून नाही. किंवा न्यूट्रल लागणारा डिमर घ्या, तो स्वतःची वीज वेगळी घेतो. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या लाईनवर न्यूट्रलवालाच डिमर घ्यावा, थोडा महाग पडला तरी. आपल्या बहुतेक बोर्डांत लाइटच्या बटणाशेजारी प्लगचा पॉइंट असतो, आणि प्लग आहे म्हणजे त्या बोर्डात न्यूट्रल आलेला आहे. जिन्याच्या किंवा पलंगाशेजारच्या टू-वे (दोन ठिकाणांहून एकच लाइट चालवणाऱ्या) बटणात मात्र तो सहसा नसतो, आणि तिथे साध्या टू-वेच्या जोडीला स्मार्ट डिमर बहुधा चालतच नाही.

आणि हे वेगळं सांगतो, कारण याने डिमर जळलेले मी पुष्कळ पाहिले: लाइटच्या डिमरवर पंखा लावू नका. पंखा म्हणजे मोटर. कापलेल्या लाईनवर ती घुरघुरते, तापते, आणि डिमरचंही नुकसान करते. पंख्याला पंख्याचाच रेग्युलेटर. बीएलडीसी (कमी विजेच्या, रिमोटवर चालणाऱ्या) पंख्याला तर भिंतीवरचा कुठलाच रेग्युलेटर नको. कूलरचा पंप आणि टुल्लू पंपही या बटणावर नको.

लाईन

ठरावीक वेळी लुकलुकत असेल तर घड्याळाकडे पाहा. आमच्या भागात जानेवारीत संत्र्याच्या बगीच्याचा ताण (झाडांचं पाणी तोडून ठेवलेला काळ) तुटतो आणि एकाच वेळी सगळ्यांना पाणी हवं असतं. बहुतेक मोटरींवर ऑटो स्विच बसवलेले असतात. थ्री फेज आली की शेतकरी घरी झोपलेला असला तरी त्या डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) मोटरी एकदम उचलतात. सुरू होताना मोटर तिच्या नेहमीच्या करंटच्या कितीतरी पट करंट ओढते. गावठाणाचा फीडर (सबस्टेशनहून येणारी लाईन) वेगळा असेल तर घरांना त्याची झळ कमी लागते. पण शेतातल्या घराला, किंवा ज्या वस्तीला शेतीच्याच डीपीवरून लाईन आहे तिला, ती पूर्ण लागते.

गेल्या हंगामात एका बगीच्यातल्या घरी मी रात्री मीटर लावून बसलो होतो. बोर्डावर १९० व्होल्टच्या आसपास आकडा होता, बल्ब ठीक जळत होता. थ्री फेज आली, विहिरीवरची मोटर उचलल्याचा आवाज आला, आणि आकडा १६० च्या खाली घसरला, सावरला, शेजारच्या मोटरीसोबत परत घसरला. प्रत्येक घसरणीला डिमरवरचा बल्ब डोळा मिटल्यासारखा करत होता. स्वयंपाकघरातला साधा एलईडी मात्र तसाच जळत होता. घरच्यांचा डिमरवर राग होता तो यामुळेच: "बाकीचे लाइट तर चांगले हायेत." साध्या एलईडीचा ड्रायव्हर कमी व्होल्टेज पचवतो, म्हणून त्याच्यावरून लाईन चांगली आहे असं ठरवू नका. साध्या छताच्या पंख्याकडे पाहा. व्होल्टेज पडलं की तो हळू होतो आणि त्याचा आवाजही बदलतो.

प्लगमध्ये खोचायचा, आकडा दाखवणारा छोटा व्होल्टमीटर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो आणा आणि दुपारी, संध्याकाळी सातच्या सुमारास, आणि रात्री थ्री फेज असताना आकडे कागदावर लिहून ठेवा. आपली लाईन २३० व्होल्टची धरलेली आहे. डिमरच्या पाठीवर तो किती ते किती व्होल्टवर चालतो हे छापलेलं असतं, त्याच्याशी ताडून पाहा. लाईन त्याच्याबाहेर जात असेल तर डिमर बदलून काही होणार नाही. तात्पुरता उपाय म्हणजे त्या वेळेत लाइट शंभर टक्क्यांवर ठेवणे, कारण पूर्ण उजेडावर कापणी कमीत कमी असते. कायमचा उपाय डीपीकडचा आहे. लिहून ठेवलेले आकडे आणि वेळा घेऊन वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा, १९१२ हा तक्रारीचा क्रमांक आहे. "व्होल्टेज कमी आहे" एवढं म्हणण्यापेक्षा "रात्री नऊ ते अकरा १६० असतं" म्हटलं की तक्रारीला वजन येतं. स्वतःच्या मोटरीला योग्य मापाचा कपॅसिटर बसवला तरी आपल्या लाईनवरचा भार हलका होतो.

आकडा उलट बाजूला जात असेल, म्हणजे उशिरा रात्री सगळे पंप बंद झाल्यावर २६० च्या वर, तर तेही लिहा. जास्त व्होल्टेज डिमरला कमीपेक्षा अधिक मारक असतं.

इन्व्हर्टरवर गुणगुण

लाईन असताना ठीक, इन्व्हर्टरवर आला की गुणगुणतो किंवा थरथरतो, असं असेल तर इन्व्हर्टर कुठला ते पाहा. स्वस्तातले इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात, महागातले साइन वेव्ह. डिमर लाईन शून्यावर कधी येते ते पाहून आपला कापण्याचा क्षण ठरवतो. साइन वेव्हमध्ये व्होल्टेज सावकाश शून्याकडे येतं. चौकोनी लाटेत ते एकदम उडी मारतं, डिमरचा हिशेब चुकतो, आणि त्या उड्यांनी त्याच्या आतले भाग तापतात. असा डिमर रोज रात्री चार तास इन्व्हर्टरवर चालवला तर तो टिकत नाही.

इन्व्हर्टर चालू असताना लाइट पूर्ण उजेडावर ठेवून पाहा, आवाज थांबतो का. थांबला तर तसंच वापरा. नाही तर त्या एका लाइटचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवरून काढून मेन लाईनवर घ्यायला वायरमनला सांगा. एका डिमरपायी नवा साइन वेव्ह इन्व्हर्टर घेणं मला पटत नाही. पण इन्व्हर्टर तसाही बदलायचा असेल तर साइन वेव्हच घ्या.

वाय-फाय

बटणाने सगळं चालतं आणि फोनवर ऑफलाइन, याचं आमच्याकडचं सगळ्यात मोठं कारण हे: पोराने डिमर स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडला, चाचणी घेतली, आणि पोरगा फोन खिशात घालून पुण्याला गेला. डिमर बिचारा तोच हॉटस्पॉट शोधत बसतो. घरात कायम राहणारा राउटर नसेल तर स्मार्ट डिमर साध्या डिमरसारखाच वापरायचा, त्याला इलाज नाही.

राउटर असेल तर या क्रमाने जा. राउटरवर नेट आहे का, की रिचार्ज संपला, ते आधी पाहा. राउटरचं नाव किंवा पासवर्ड कोणी बदलला का ते विचारा, कारण डिमरला जुनंच नाव माहीत असतं. मग पट्टा, म्हणजे वाय-फाय कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं ते पाहा. हे डिमर जवळपास सगळेच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडले जातात. नव्या राउटरमध्ये २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने चालतात, आणि जोडणीच्या वेळी फोन ५ वर असला तर काही डिमर जोडले जात नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या, फोन त्याच नावावर आणा, फोनचं लोकेशन आणि ब्लूटूथ चालू करा आणि मग जोडा. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलेलं असेल तर डब्ल्यूपीए२ सुरू करा, बरेच डिमर त्यावरच चालतात.

पुन्हा जोडताना डिमर आधी जोडणीच्या स्थितीत आणावा लागतो. साधारणपणे बटण पाच ते दहा सेकंद दाबून धरलं की बारीक दिवा भराभर मिचकायला लागतो. तो भराभर मिचकत नसेल तर ॲपमध्ये काहीही करा, सापडणार नाही. आणि खातं घरात कायम राहणाऱ्या माणसाच्या नावाने काढा, पोरापोरींना त्यात सामील करून घ्या. उलटं केलं की पोराने फोन बदलला, खातं विसरला, आणि बाबांच्या खोलीतला लाइट कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

भिंतीचंही पाहा. मातीच्या जुन्या घराची भिंत दीड-दोन फूट जाड असते, वर टिनं, आणि बोर्डाच्या मागे जुना लोखंडी बॉक्स. लोखंडी बॉक्सात बसवलेल्या डिमरला वाय-फाय पोचायला फारच कमी वाट उरते. फोन बोर्डापाशी नेऊन धरा. तिथे फोनलाच सिग्नलची एखादीच काडी दिसत असेल तर डिमरला त्याहून कमी मिळतंय असं समजा. राउटर मधल्या खोलीत, उंचावर, टिनापासून दूर हलवा. वायर तेवढी लांब नसेल तर वाढवून घ्या, रिपीटर घेण्याआधी हे करून पाहा. लोखंडी बॉक्स बदलून प्लास्टिकचा बसवणं हा वायरमनचा अर्ध्या तासाचा उद्योग आहे आणि फरक लगेच दिसतो.

लाईन जाऊन आल्यावर ऑफलाइन होत असेल तर ती वेळेची चुकामूक आहे. डिमर काही सेकंदांत जागा होतो, राउटरला दोन-तीन मिनिटं लागतात. डिमर तोवर शोधून थकलेला असतो, आणि काही मॉडेल पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. राउटरवर नेट आलं की डिमरचा एमसीबी एकदा खाली-वर करा. रोज हे करायचा कंटाळा येत असेल तर राउटरला छोटा डीसी यूपीएस लावा. राउटर १२ व्होल्टचा आहे की ९ चा हे त्याच्या ॲडॅप्टरवर वाचूनच यूपीएस घ्या. राउटर बंदच पडला नाही की निम्म्या तक्रारी उरत नाहीत. ठरवलेल्या वेळा चुकतात त्याही यामुळेच, कारण डिमर आपलं घड्याळ नेटवरून लावून घेतो.

मध्यरात्री लाइट आपोआप लागणं ही बिघाडाची गोष्ट नाही. लाईन परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग ॲपमध्ये असते: चालू, बंद, किंवा आधी जसा होता तसा. "बंद" निवडा. मात्र म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत, न्हाणीकडच्या वाटेवर "आधी जसा होता तसा" ठेवा. तिथे अंधार नको.

बोर्ड उघडावा लागला तर

इथून पुढे ज्याला वायरिंगचं काम येतं त्यानेच यावं. मेन बंद केला म्हणजे बोर्ड मेला असं मानू नका. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावर तो लगेच उचलतो आणि त्याच बोर्डात त्याची लाईन जिवंत राहते. मेन बंद, इन्व्हर्टर बंद, इन्व्हर्टरची आउटपुट पिन काढलेली, आणि मग मीटरने किंवा टेस्ट लॅम्पने प्रत्येक टोक तपासलेलं. निऑनच्या टेस्टरवर जीव टाकू नका. तो शेजारच्या वायरीच्या नुसत्या प्रभावानेही मिणमिणतो, आणि खराब झाला असेल तर जिवंत वायरीवरही गप्प राहतो. न्यूट्रल चांगला आहे का हे तर तो सांगूच शकत नाही. त्याला टेस्ट लॅम्पच हवा: फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला की पूर्ण जळला पाहिजे.

उघडल्यावर आधी न्यूट्रलचे स्क्रू पाहा. एका स्क्रूखाली चार-चार वायरी कोंबलेल्या असतात, त्यातली एक सैल असते, आणि कूलर किंवा मिक्सर लागला की त्या बोर्डावरचं सगळंच थरथरतं. मुंग्या पाहा. पावसाळ्यात बोर्डात त्यांची वारुळं सापडतात, आणि त्यांची माती संपर्काच्या टोकांमध्ये बसते. काळी पडलेली, कडक झालेली वायर दिसली तर ती तेवढी कापून नव्याने जोडा, नुसती टेप गुंडाळू नका.

मग फेज खरंच डिमरला आलेला आहे का ते पाहा. प्लगच्या पॉइंटकडे समोरून पाहिलं तर अर्थिंगचं मोठं भोक वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे असायला हवा. खांबावरून वायर नव्याने जोडली की कधी कधी घराचा फेज-न्यूट्रल उलटा होतो. मग डिमर न्यूट्रल कापतो आणि बंद लाइटच्या होल्डरवर पूर्ण फेज उभा राहतो. वायर बदलल्या दिवसापासून बल्ब मंद जळायला लागला असेल तर हेच आधी तपासून घ्या.

न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगची हिरवी वायर न्यूट्रलच्या जागी जोडलेली मी पाहिली आहे. डिमर त्यावर चालतो, हे खरं. पण त्या अर्थिंगची वायर कुठे सुटली की घरातल्या फ्रिजच्या, कूलरच्या पत्र्यावर करंट उतरतो, आणि ओल्या फरशीवर उभ्या माणसाचा जीव जातो. तशी जोडणी दिसली तर ती त्याच क्षणी काढून टाका, लाइट नाही लागला तरी चालेल. आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) बसवलेला असेल तर तो अशा जोडणीत पडू शकतो. तो पडतो म्हणून त्याला काढून टाकणारे लोकही आहेत. तसं करू नका.

उन्हाळ्यासाठी एक गोष्ट. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो आणि पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत गरम असते. डिमर स्वतः उष्णता सोडतो, त्यात बंद बॉक्स. तो थोडा कोमट लागणं ठीक आहे, पण हात ठेववत नसेल तर नाही. पाकिटावर लिहिलेल्या एलईडी लोडच्या निम्म्यावर ठेवा आणि दोन डिमर एका बॉक्सात शेजारी बसवू नका.

कुठे थांबायचं

खालीलपैकी काहीही दिसलं तर मेन बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा, मग तुम्ही कितीही हुशार असा: जळका वास, तपकिरी झालेली प्लेट, चरचर आवाज, एमसीबी किंवा आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडणं, फ्रिजच्या पत्र्याला झिणझिण्या, बोर्डात पाणी गेलेलं. पडणाऱ्या एमसीबीच्या जागी मोठ्या अँपिअरचा बसवणं हा उपाय नाही. वायर तेवढीच राहते, आणि मग पडायच्या ऐवजी ती तापते.

सगळ्यात महत्त्वाचं: घरातले सगळे बल्ब अचानक झगझगीत झाले, पंखे जोरात फिरायला लागले, आणि शेजारच्या घरी मात्र मंद झाले, तर डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटलेला असण्याची शक्यता आहे. तीन फेजमध्ये आपापसात ४०० व्होल्टच्या आसपास अंतर असतं. न्यूट्रल सुटला की ते घराघरांत वेडंवाकडं वाटलं जातं, ज्याच्याकडे लोड कमी त्याच्याकडे जास्त व्होल्टेज. डिमर, टीव्ही, फ्रिज, राउटर सगळं काही सेकंदांत जातं. कारण शोधत बसू नका. धावत जाऊन मेन पाडा, शेजाऱ्यांना ओरडून सांगा, मग १९१२ ला फोन. खांबावर, डीपीवर किंवा मीटरच्या सीलला कोणीही हात लावायचा नाही, गावातला कितीही जाणता माणूस असला तरी. ते काम लाइनमनचं आहे, आणि तेही लाईन बंद करून घेतल्यावर.

मृगाच्या आधीच्या वादळात विजा कडाडायला लागल्या की मेन पाडलेला बरा. मेनपाशी सर्ज प्रोटेक्टर बसवला तर त्याचा उपयोग होतो, पण अर्थिंग चांगलं असेल तरच. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं विसरू नका.

वायरमनला फोन करताना एवढं सांगा म्हणजे तो योग्य सामान घेऊनच निघेल: डिमर न्यूट्रलवाला आहे की दोन वायरींचा, त्यावर किती बल्ब आहेत आणि ते डिमेबल आहेत का, त्रास कोणत्या वेळी होतो, त्या वेळी व्होल्टमीटर काय दाखवतो, इन्व्हर्टर आहे का आणि कुठला, बोर्डाचा बॉक्स लोखंडी आहे का. डिमर बसवताना काढलेलं जुनं साधं बटण फेकलं नसेल तर तेही शोधून ठेवा. डिमर दुरुस्तीला न्यावा लागला तर त्याच्या जागी ते लावता येतं आणि खोलीतला लाइट त्याच रात्री सुरू होतो.